बेळगावची हिलमन

कुशाबा धुरीचं अर्धं आयुष्य पुढच्या सीटवर बसून मागच्या सीटवरच्याचं ऐकण्यात गेलं. वाळकेश्वरच्या एका शेटजींची गाडी तो चालवायचा. शेटजी माणूस वाईट नव्हता, पण गाडीत बसला की त्याला बोलायला माणूस लागायचा, आणि कुशाबाला तर बोलणं म्हणजे शिक्षा. ‘जी’ आणि ‘हां जी’ एवढ्यावर त्याने वर्षं काढली. लालबागच्या खोलीत आई अंबिका, बायको बकुळा, धाकटा भाऊ रघू आणि दोन पोरं, असा संसार. स्वतःची टॅक्सी घ्यायची, हे एकच वेड त्याच्या डोक्यात होतं, आणि त्यासाठी परवान्याचा अर्ज करून ठेवून तो सरकारची वाट पाहत होता.

परवान्याआधी गोळी आली. छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीहून जाहीर झालं आणि गिरणगाव रस्त्यावर उतरलं. रघू गिरणीत बदली कामगार होता. बेळगाव-कारवारसकट संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, असं ओरडत तो नाक्यापर्यंत गेला, आणि तिथून त्याला चौघांनी उचलून आणलं. त्या दिवसापासून कुशाबा आणखी कमी बोलू लागला. अंबिका रडली, उठली आणि चुलीपुढे बसली. चाळीतल्या बायकांना वाटलं, म्हातारी दगडाची आहे. बायकांना काय, काहीही वाटतं.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सौराष्ट्र-कच्छ, मराठवाडा आणि विदर्भ मुंबईला जोडून एक भलंमोठं राज्य केलं गेलं आणि बेळगाव म्हैसूरला देऊन टाकलं. पुढल्या वर्षी कुशाबाचा परवाना मंजूर झाला. अट एकच होती. दिलेल्या मुदतीत मुंबईच्या नंबराची गाडी हजर करायची, नाहीतर परवाना रद्द आणि नाव पुन्हा रांगेच्या शेपटाला.

नव्या गाडीची ऐपत नव्हती. बेळगावचे एक मराठी डॉक्टर आपली राखाडी हिलमन मोटार विकतायत असं एका मेकॅनिकने सांगितलं. पैसे गिरगावच्या नाना वैद्यांनी लावले. हे नाना म्हणजे धोतर, कोट आणि खिशात सुपारीची डबी; जुन्या गाड्यांवर पैसे द्यायचे आणि हप्ते फिटेपर्यंत गाडीच्या पुस्तकात आपलं नाव ठेवायचे. कुशाबाने शेटजींची नोकरी सोडली, बेळगावला गेला, गाडीचे चारी टायर हाताने चाचपले, बॉनेटमध्ये कान घातला आणि खूश झाला. येताना निपाणी ओलांडल्यावर रस्त्याकडेला राज्याच्या हद्दीची नवीकोरी पाटी दिसली. तिच्याकडे बघून तो एकटाच हसला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला असेल.

घोडं अडलं ते मोटार खात्याच्या कचेरीत. परराज्यातून आणलेली गाडी मुंबईच्या नंबरावर चढवायची तर बेळगावच्या कचेरीची ना-हरकत हवी, पैसे लावणाऱ्याचं संमतीपत्र हवं आणि अर्ज हवा. पहिले दोन कागद कुशाबाच्या पिशवीत होते. अर्ज इंग्रजीत, तो भरून देणारा माणूस कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसायचा.

“गाडी कुठली?”

“बेळगावची.”

“मैसूर स्टेट,” असं पुटपुटत त्याने टाक उचलला.

“थांबा. तसं नाय लिहायचं. मुंबई राज्य लिहा.”

माणसाने चष्म्यावरून पाहिलं. त्याला काय, गिऱ्हाईक सांगेल ते लिहायचं. त्याने लिहिलं, कुशाबाने खाली सही केली आणि अर्ज खिडकीत दिला.

खिडकीमागचे कारकून शामराव गिरगावचेच. त्यांनी अर्ज वाचला, कुशाबाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “धुरी, हे चालणार नाही. गाडी म्हैसूर राज्यातून आलीय.”

“गाडीचं पुस्तक बघा सायेब. एक्कावन साली पासिंग झाली ती मुंबई राज्यात. शिक्का हाय.”

“तेव्हा होतं ते.”

“मग आता काय झालं? बेळगाव उचलून नेलं काय कुणी?”

“कागदावर नेलं,” शामराव म्हणाले. “मीही मोर्चात चाललेलो आहे धुरी, मला काय सांगता. पण माझ्या टेबलावर जो नकाशा आहे त्याप्रमाणे मला काम करावं लागतं. दोन शब्दांचा प्रश्न आहे. लिहा आणि मोकळे व्हा.”

कुशाबा मोकळा झाला नाही. अर्ज घेऊन परत आला. पुढच्या खेपेला त्याने झाडाखालच्या माणसाकडून चक्क ‘महाराष्ट्र’ लिहून घेतलं. त्या नावाचं राज्य तेव्हा जमिनीवर कुठेच नव्हतं. शामरावांनी कपाळाला हात लावून तोही अर्ज परत केला.

आता खरं सांगायचं तर इथवर गोष्ट कुशाबाच्या हातात होती. रागाच्या भरात माणूस दोनदा आडवा जातो, तिसऱ्यांदा थंड होऊन सही करतो. पण गोष्ट चाळीला कळली. चाळीला कळलं म्हणजे संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कार्यकर्त्यांना कळलं, आणि रविवारी सकाळी ते हार आणि नारळ घेऊन हिलमनपुढे हजर झाले. शाळामास्तर असलेले त्यांचे पुढारी गाडीच्या पायरीवर चढून बोलले. एका भावाने छातीवर गोळी झेलली, दुसरा सरकारच्या कागदावर म्हैसूरचं नाव लिहायला तयार नाही, अशी घराणी आहेत तोवर बेळगाव कुणाच्या बापाचं नाही. टाळ्यांनी गॅलऱ्या दणाणल्या. गाडीच्या नाकावर झेंडूचा हार पडला, चाकाखाली नारळ फुटला. कुशाबा खाली मान घालून उभा होता, पण त्याची छाती भरून आली होती. कधी कुणी त्याच्यासाठी टाळी वाजवलीच नव्हती. लोकांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि खालची शिडी घेऊन आपापल्या पाळीला निघून गेले.

अंबिका दारात उभी राहून हे सगळं बघत होती. भाषण संपायच्या आधीच ती आत वळली. कुशाबाला वाटलं, रघूची आठवण दाटून आली असेल. त्याने मनाशी ठरवून टाकलं, हिच्या डोळ्यांदेखत आपण ते नाव कागदावर घालायचं नाही.

गाडी उभी राहिली. नंबर नाही म्हणून मीटर नाही, मीटर नाही म्हणून धंदा नाही, आणि हप्ते मात्र चालूच. शेटजींकडे दुसरा ड्रायव्हर लागला होता. बकुळाने गिरणीतल्या एकट्या पुरुषांसाठी खाणावळ सुरू केली. पहाटे उठून भाकऱ्या थापायची, आणि हप्ता भरायला हातातल्या बांगड्या गेल्या तेव्हा एक अक्षर बोलली नाही. मास्तर येता-जाता “शाबास धुरी” म्हणायचे. शाबासकीवर टायर टिकत नाहीत. मागचा एक बसला, मग पुढचा. पोरं गाडीवर घसरगुंडी खेळू लागली.

नाना वैद्य एकदा स्वतः चाळीत आले. गाडीला एक फेरी मारून, सुपारी कातरत म्हणाले, “कुशाबा, समितीला मीही वर्गणी दिलीय हो. वर्गणी माझ्या खिशातली होती. तुमच्या गाडीतले पैसे माझ्या विधवा भावजयीचे आहेत. ते मी कुणाच्या अभिमानावर लावू शकत नाही.”

“नाना, अजून थोडं थांबा.”

“थांबतो की. पण नंबर मिळाला नाही आणि हप्ता चुकला, तर संमती परत घेऊन गाडी विकावी लागेल. मागून म्हणू नका सांगितलं नाही म्हणून.”

पुढचा हप्ता चुकला. त्या संध्याकाळी बकुळाने जेवणाऱ्यांची ताटं घासून झाल्यावर पहिल्यांदाच तोंड उघडलं. “सही करून टाका ना. पोरांकडे बघा जरा.”

“रघूच्या रक्तावर सही करू?” कुशाबा ओरडला. तो ओरडल्याचं पोरांनी कधी ऐकलं नव्हतं. दोघं भिंतीला चिकटली. अंबिका कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं, लेकाकडे पाहिलं, काहीतरी बोलेल असं वाटलं, आणि पुन्हा सूप हातात घेतलं. आपण बोललो ते आईच्या मनातलं बोललो, असं कुशाबा धरून चालला. बकुळा मात्र बाहेर गॅलरीत जाऊन रडली.

मग खात्याची नोटीस आली. परवान्याची मुदत आठवड्यात संपत होती. कुशाबाची ती रात्र कशी गेली ते त्याचं त्याला ठाऊक. सकाळी कुणाला न सांगता तो कचेरीकडे चालत गेला आणि झाडाखालच्या माणसासमोर उकिडवा बसला.

“लिहा. मैसूर स्टेट.”

अर्ज पुढे आला. सही केली तेव्हा आपण रघूला नाक्यावर एकटा टाकून पळून आलो, असं त्याला वाटलं, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. झाडाखालच्या माणसाने शाई टिपायचा कागद पुढे केला आणि दुसरीकडे पाहिलं.

शामरावांनी अर्ज वाचला. चेहऱ्यावर क्षणभर बरं वाटल्यासारखं दिसलं. मग त्यांनी फाईल उघडली आणि वरचंच एक पत्र बाहेर काढलं.

“धुरी, काल नाना वैद्यांचं पत्र आलं. संमती काढून घेतलीय त्यांनी. तिच्याशिवाय मला हा अर्ज घेता येत नाही.”

कुशाबा तसाच गिरगावला गेला. नानांनी त्याला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. गाडीचा सौदा शिवडीच्या एका गोदामवाल्याशी झाला होता, इसाराची रक्कम हातात पडली होती. शब्द फिरवणं नानांच्या रक्तात नव्हतं. दुपारी दोन माणसं आली, चाकांत हवा भरली आणि हिलमन दोरीने ओढत घेऊन गेली. चाळीत सगळे हळहळले. मास्तर कुशाबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “गाडी गेली, पण धुरी वाकला नाही.” कुशाबाने खांदा सोडवून घेतला.

खोलीत अंबिका एकटीच होती. बकुळा भायखळ्याच्या मंडईत गेली होती. कुशाबा आईपुढे खाली बसला. आईशी तो गावच्या मालवणीतच बोलायचा.

“आये, मिया सही केलंय. म्हैसूर म्हणान लिवून दिलंय. आज सकाळी.”

अंबिकाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“रघूचा नाव बुडवलंय मिया,” तो म्हणाला.

“आज केलंस?”

“होय.”

“मगे आधी कित्याक नाय केलंस?”

कुशाबाला कळेना. “तुका कसा वाटात म्हणान... तुझ्यासमोर...”

“मिया कधी सांगलंय तुका, सही करू नको म्हणान?” म्हातारीचा आवाज चढला नाही. “रघू गेलो तो गेलो. तो काय तो कागद बघूक येवचो नाय. माझो एक झील रवलेलो, त्येची गाडी व्हयी होती माका. माका वाटला, तुकाच ह्या सगळा व्हया. हार, टाळये. म्हणान मी गप रवलंय.”

एवढं बोलून तिने त्याच्या पुढ्यात ताट मांडलं. कुशाबाने भाताला हात लावला नाही. जिच्यासाठी आपण गाडी घालवली, तिने आपल्यासाठी तोंड बंद ठेवलं, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाकी कपडे घालून तो पुन्हा वाळकेश्वरला गेला, आणि शेटजींच्या दुसऱ्या गाडीवर जागा आहे का म्हणून फाटकापाशी विचारत उभा राहिला.