मणीचा भात

फोन आला तेव्हा मी दुपारचा कुकर उतरवत होते. पलीकडून नंगनल्लूरच्या, अत्याच्या शेजारच्या मामी बोलत होत्या. त्यांनी तमिळमध्ये दोनच वाक्यं सांगितली. तुझी अत्या गेली. आणि कुत्र्याला दुपारचं कुणी घातलेलं नाही. बातमी सांगायची ही काय तऱ्हा, म्हणून मला त्या क्षणी राग आला. मग वाटलं, खुद्द अत्यानं फोन केला असता तरी तिनं याच दोन गोष्टी सांगितल्या असत्या, आणि कदाचित कुत्र्याची आधी. आता त्याला काही आठवडे होऊन गेलेत. तरी कुकर उतरवताना माझा हात अजून थांबतो.

अत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अप्पांची, थोरली बहीण. आमचं घराणं तंजावरचं. बदल्या-नोकऱ्यांच्या पायी सगळे चेन्नईला आले, पण घरात बोलणं तेच राहिलं. जुनं, हेल काढून बोललेलं, अर्धं तमिळ मिसळलेलं मराठी. (माझं आता जे जरा 'बरं' वाटतं ते सातारच्या सासूबाईंच्या धाकानं सुधारलेलं आहे.) अत्या अगदी तरुणपणी विधवा झाली. पुढं शाळेत शिकवून निवृत्त झाली. आजी लवकर गेल्यामुळे अप्पांना तिनंच वाढवलं, अगदी भरवण्यापासून. अप्पा तिला अक्का म्हणायचे, ती त्यांना वासू, आणि तिच्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. दोघंही एकादशीचा कडक उपास करणारी. द्वादशीला पहाटे अंघोळ करून अप्पा आमच्या क्रोमपेटच्या घरून अत्याकडे जात आणि तिच्या हातचं पारणं करत. हादग्याच्या पाल्याची भाजी, आवळ्याची पचडी, मुगाची खिचडी. माझं लग्न होईपर्यंत मीही बरोबर जायची. पाऊस असो, ताप असो, त्यात कधी खंड पडला नाही. खंड पडला तो एका अंड्यानं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. अत्याच्या माडीवर एक भाडेकरू होता, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात कामाला. त्यानं हौसेनं अल्सेशियनचं पिल्लू आणलं आणि लगेच त्याची बदली झाली. "चार दिवस ठेवा पाटी, येऊन नेतो," म्हणाला. (पाटी म्हणजे तमिळमध्ये आजी.) आला कसला डोंबलाचा! पिल्लाला टायगर म्हणायचे, अत्यानं त्याचं मणी केलं. आमच्या तमिळ मुलखात दर दुसऱ्या कुत्र्याचं नाव मणी असतं. आणि आमच्याकडं जे सगळ्यांना देतात तेच तिनं त्याला दिलं. सकाळी दहीभात, दुपारी दहीभात, रात्री दहीभात. पोटाला थंड, पचायला हलकं, सात्त्विक. तिला वाटलं, आपण फार चांगलं करतो आहोत. पिल्लू आनंदानं खायचं. पोट नगाऱ्यासारखं झालं, पण पुढचे पाय धनुष्यासारखे वाकायला लागले. उभं राहायचं आणि कुईं करून बसायचं.

मीच तिला आणि पिल्लाला रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. डॉक्टर तरुण होते, तमिळमध्ये समजावून सांगत होते. पाटी, हे वाढतं अंग आहे. एवढ्या मोठ्या जातीच्या पिल्लाला नुसता भात पुरत नाही. भातानं पोट भरतं, हाडं भरत नाहीत. मांस द्या, निदान अंडं द्या, दिवसाचं चार वेळा विभागून द्या. औषध मी देतो, पण अन्न बदललं नाही तर पाय जन्मभर असेच राहतील. परत येताना रिक्षात मी म्हटलं, अगं, तयार खाऊ मिळतो पाकिटात, तो आण. तर म्हणाली, "त्यात काय घातलेलें असतें तें मला दिसत नाहीं गे. अंडं निदान दिसतें."

दुसऱ्या दिवशी तिनं परसात धुण्याच्या दगडाजवळ रॉकेलचा स्टोव्ह मांडला. त्यासाठी एक वेगळं अॅल्युमिनियमचं पातेलं. जन्मात ज्या बाईनं कांदा चिरला नव्हता ती अंडं उकडून सोलायला लागली. पहिल्या दिवशी मी तिथं होते. तोंडावर पदर, डोळ्यांत पाणी. मणीनं गट्टम करून तिच्या पावलांवर डोकं ठेवलं आणि तिनं त्याला सरळ शिवी हासडली. मग डोक्यावरून अंघोळ करून, लुगडं बदलून आत गेली. रोज तसंच करायची. त्या वयात, रोज. मी म्हणायचे, मी येऊन देईन, नाहीतर शेजारच्या मामींना सांगू. तर म्हणे, माझं जनावर उपाशी, मग हात मामींचे कशाला विटाळायचे?

पुढच्या द्वादशीला अप्पा पहाटे फाटकातून आत आले तेव्हा ती परसात अंडं सोलत होती. एवढंच झालं. "अक्का, हें काय?" त्यांनी विचारलं. "मणीचें जेवण," ती म्हणाली. "थांब, न्हाऊन वाढतें." अप्पा थांबले नाहीत. पाणीसुद्धा न घेता परत आले आणि आम्हांला म्हणाले, त्या घरचं पाणी आता मला चालायचं नाही. मला वाटलं, दोन-चार द्वादश्या जातील, राग उतरेल. छे! आमच्या घरातली माणसं मऊ बोलतात आणि दगडासारखी बसतात. लग्नाकार्यात दोघं भेटत, तब्येतीची चौकशी करत. तिच्या घरी मात्र ते परत जेवले नाहीत. ती जाईपर्यंत नाही.

मी एकदा तिला रागानं म्हणाले, कुत्रं कुणाला तरी देऊन टाक आणि भावाला मिळव. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वासू आईवेगळा होता तेव्हां मला काय चालतें तें मी बघितलें काय? वाढत्या पोराला लागतें तें द्यायचें." पण दर द्वादशीला ती हादग्याची भाजी दोन माणसांची करायची आणि पारण्याची वेळ टळत आली की मग एकटी बसायची. मी गेले तर फाटकाकडं बघून विचारायची, "काय गे, एकटीच आलीस?" मला त्या प्रश्नाची इतकी धास्ती बसली की मी द्वादशीला जायचंच टाळायला लागले.

मणीचे पाय जवळजवळ सरळ झाले. डावा जरासा बाहेर राहिला, तेवढंच. मोठा झाल्यावर अत्यानं डॉक्टरांच्या सांगण्यावरून जेवण दोन वेळांवर आणलं. शेजारच्या मामी प्रेमानं कुंपणावरून सांबारभात घालायच्या, छोट्या कांद्यांसकट. कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतो हे कळलं त्या दिवशी अत्या त्यांच्याशी असं भांडली की गल्ली गोळा झाली. पायसातला बेदाणासुद्धा ती त्याच्यापासून लपवून ठेवायची. हा हा म्हणता तो म्हातारा झाला. पाणी फार प्यायला लागला, बारीक झाला. मूत्रपिंडं थकली आहेत, डॉक्टर म्हणाले. आता मीठ बंद, पिवळा बलक बंद. मऊ भात, अंड्याचं पांढरं तेवढं, दही वासापुरतं, आणि परत लहानपणासारखं थोडं थोडं, बऱ्याच वेळा. आयुष्यभर जे द्यायला जड गेलं त्यातलं अर्धं आता काढून टाकायचं! अत्या हसली नाही. मला म्हणाली, "भूक तीच असते गे, खाल्लेलें सोसत नाहीं." तेव्हा तिचंही हृदय थकलेलं होतं. ते तिनं आम्हांला कुणाला कळू दिलं नाही.

अप्पांनी तिचे दिवस यथासांग केले. मी त्यांच्याशी त्या दिवसांत धड बोलले नाही, मला ते जमलं नाही. तेराव्यानंतर प्रश्न आला मणीचा. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, त्याला जिना चढवत नाही, आणि तो परसातून हलेना. मामींच्या घरी कुणाला चालणार नाही. सगळे एकमेकांकडं बघत असताना अप्पा म्हणाले, "मी बघतों."

मला खरं वाटलं नाही. पण ते रोज जाऊ लागले, सकाळी जाऊन संध्याकाळपर्यंत थांबू लागले. डॉक्टरांना भेटून आले. सुरुवातीला अंडं चिमट्यानं धरायचे, मान फिरवून. मागच्या आठवड्यात मी संध्याकाळी गेले तर परसात पाटावर बसून दोन्ही हातांनी अंडं सोलत होते. बलक निगुतीनं बाजूला काढला, पांढरं भातात कुस्करलं, बोटानं ऊन आहे का बघितलं. मणीनं हळूहळू खाल्लं. मग अप्पांनी अंघोळ केली आणि अत्याच्या स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, कुलूप लावायला किल्ली घेताहेत. बराच वेळ झाला म्हणून आत डोकावले, तर ते पान मांडून खाली बसले होते. त्यांनी कुत्र्यासाठी लावलेल्या पातेल्यातला उरलेला भात वाढून घेतला होता, वर थोडं दही. मीठही घेतलेलं नव्हतं. जन्मात त्यांनी हातानं पान वाढून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी पुढं होऊन म्हटलं, "अप्पा, मी वाढते." त्यांनी हातानं थांबवलं. दोन घास खाल्ले, तिसरा हातातच राहिला.

"घरीं सांग, आज मी अक्काकडे जेवलों," ते म्हणाले. मग हातातला घास परत पानात ठेवला. "अक्काकडे कसलें... वाढायला अक्का कुठें आहे?"