उठून पडलेली मशीनं

तिचं काम विचाराल तर मशीनं उठवणं. सकाळी ऑफिसात आली की कुठल्यातरी परक्या कंपनीच्या इमारतीतली दोन हजार मशीनं, म्हणजे कॉम्प्युटर, ती इंटरनेटवरून भाड्याने घेते, त्यांवर आपल्या कंपनीचं नेटवर्क सॉफ्टवेअर चढवते, सगळ्यांना एकमेकांशी बोलायला लावते आणि ते किती ताण सोसतं ते बघते. संध्याकाळी सगळी बंद. सहकारी तिला ‘कोंबडा’ म्हणतात.

सासूबाईंनी एकदा विचारलं, “ती मशीनं असतात तरी कुठे गं?”

“माहीत नाही, आई.”

“पाहिलीसुद्धा नाहीस? आणि सगळा जीव त्यांच्यात!”

भाड्याच्या मशीनांतली काही उठतच नाहीत. तो दोष भाड्याने देणाऱ्याचा. म्हणून तेवढी मशीनं निकालातून गाळणारी एक चाळणी तिने लिहिली होती. चाळणी चोख होती. मग ती चाळणी साहेबांच्या नजरेत भरली.

गिऱ्हाईक होतं रुग्णवाहिका पाठवणारी एक संस्था. हजार मशीनांपर्यंत सॉफ्टवेअर सुरळीत चाललं. त्यापुढे चांगली उठलेली मशीनंही जोडणी तुटून पडायला लागली. साहेबांनी दुसऱ्याकडून चाळणी बदलून घेतली: जे उत्तर देत नाही ते मोजायचंच नाही. निकाल शंभर टक्के. खाली, चाचणी घेणारी म्हणून, तिचं नाव.

“सर, ही आपल्यामुळे पडलीत.”

“अगं, पडली ती पडली. उरलेली बघ ना, किती छान चाललीयत!”

“म्हणजे मेलेल्यांना वगळून घरच्यांची तब्येत विचारायची?”

“तू फार मनाला लावून घेतेस. जा, जेवून घे.”

तिने डबा उघडला आणि तसाच बंद केला. राग आला की तिला भूक लागते. ही शिसारी होती. “खोटं बोलले त्याचं एवढं नाही,” ती सांगते. “माझ्या चाळणीतून बोलले.”

त्याच दुपारी तिने जुनी चाळणी लावून चाचणी पुन्हा घेतली आणि खरा निकाल थेट गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरला पाठवला.

“नोकरी जाईल बहुतेक,” तिने घरी सांगितलं.

“जाऊ दे,” सासूबाई म्हणाल्या. “निदान चार घास जेवशील तरी.”

नोकरी गेली नाही. इंजिनिअरने कळवलं, आम्हाला हजार पुरेत. खरं सांगितलंत हे बरं केलंत. सौदा झाला. मग सगळ्यांच्या बैठकीत साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले, “लपवाछपवी आपल्याला जमतच नाही. मीच हिला म्हटलं, जे असेल ते पाठव.” खोलीतल्या प्रत्येकाला खरं माहीत होतं. चाळणी बदलून देणाऱ्यानेच सगळ्यात जोरात टाळ्या पिटल्या.

अंतिम अहवालात आकडे खरे आहेत. चाचणी घेणारा म्हणून साहेबांनी स्वतःचं नाव घातलंय. तिने तक्रार केली नाही.

“माझं काढलं ते बरंच झालं,” ती नाक मुरडून म्हणते. “त्या नावाच्या शेजारी बसवलं असतं तर?”