कणगीबाहेरून आलेलं ‘मग?’

“बोल गं बाय, बोलत ऱ्हा! गप बसायचं नाय!” बाहेरून काकी ओरडत होती आणि कणगीच्या पोटात, कोपरापर्यंत शेणामातीनं माखलेली नऊ वर्षांची मी, घशाची कोरड गिळत, पंचक्रोशीतल्या भुतांची एकेक करून हजेरी घेत होते...

कणगी म्हणजे भात साठवायची बांबूच्या कामट्यांची उंच, गोल कोठी. आमची लोधिवलीची कणगी एवढी थोरली, की आत हत्ती उभा करून वर सोंड हलवायला जागा उरली असती. (काकी म्हणते, पुरुषभर उंच होती. काकीला मेली भव्यतेची दृष्टीच नाही.) आश्विनात शेतं पिवळी पडू लागली की नव्या दाण्यासाठी ती आतून सारवावी लागे, आणि मोठ्या माणसाला आत हात हलवता येत नसल्यामुळे घरातलं सर्वांत हलकं मूल काखेत दोर बांधून वरून आत सोडत. ते मूल म्हणजे मी. ओल्या शेणाचा कोवळा वास, तळाशी वर्षभराच्या कोंड्याची आंबूस ऊब, फटींतून घुसणाऱ्या उन्हाच्या सुया... आणि माझाच हात फिरेल तशा त्या सुया एकेक करून विझत जायच्या. भर दुपारी, स्वतःच्या हातानं स्वतःभोवती काळोख लिंपत जाणं – ते ज्यानं केलं नाही त्याला भीती म्हणजे काय हे मी कितीही पानं लिहून सांगू शकणार नाही.

नियम एकच होता. आतल्यानं सतत बोलायचं. आवाज थांबला की बाहेरच्यानं दोर ओढायचा, कारण त्या कोंदटपणात मूल केव्हा घेरी येऊन पडेल, नेम नसे. इतर घरांतली मुलं पाढे म्हणत. मी तिसापर्यंतचे पाढे संपवले, झाडून साऱ्या आरत्या संपवल्या आणि अखेर एका राजकन्येची गोष्ट रचायला घेतली. बाहेरून काकीची जांभई ऐकू आली.

“गोडाच्या गोष्टीनं मला डुलकी येते. मी झोपले तर तुला भाईर कोन काढंल? भ्यायची सांग.”

मी तत्परतेनं उलट्या पायांचं भूत आणलं.

“उलटे पाय समद्यांच्याच भुतांना असतात. तुज्या भुताचं येगळं काय?”

मग मी सरळ पायांचं भूत केलं. ते रोज आपल्या दारात वहाणा काढून ठेवतं; घरात शोधावं तर कोणीच नसतं, आणि वहाणांत मात्र ऊब असते... काकीनं बाहेर दुसरी जांभई अर्ध्यातच तोडली. नंतर हलकेच म्हणाली, “मग?”

लेखनकलेचं माझं सारं शिक्षण ते एवढंच. पुढे मी भयकथांची लेखिका झाले. चौक गावच्या एका न्हाव्यानं माझी एक कथा वाचून आठवडाभर आरशांवर टॉवेल टाकून दुकान चालवलं, आणि तेवढे दिवस निम्मं गाव एक कल्ला वर, एक कल्ला खाली असं हिंडत होतं, हे मी शपथेवर सांगते. पण प्रत्येक कथा लिहिताना कर्जतच्या फ्लॅटमध्ये मी कपाटाचं दार उघडून आत बसे, दार ओढून घेई, आणि लाकडाच्या पलीकडून कोणीतरी ‘मग?’ म्हणेपर्यंत थांबे. ते येई. दरवेळी येई.

गेल्या वर्षी ते आलं नाही. महिन्यामागून महिने गेले, कपाटात मी आणि डांबरगोळ्या. भीती परत यावी म्हणून घाटातल्या ठाकुरवाडीच्या रेल्वे थांब्यावर बोगद्याच्या तोंडाकडे बघत दिवस काढला; माकडांनी बिस्किटं नेली, चष्मा नेला, आणि भिण्याऐवजी मी त्यांच्याशी भांडत बसले. गणपती विसर्जन झालं तसा दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. “ताई, यंदा तुमची पानं कोऱ्या कागदावर छापू का?” मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र पुन्हा कपाटात जाऊन दार ओढून घेतलं. जिला आयुष्यभर भीतीनंच बोलतं ठेवलं, तिची भीती संपली तर उरेल काय? आवाज थांबला आहे आणि दोर ओढायला बाहेर कोणी नाही... असं ते वाटणं होतं.

म्हणून लोधिवलीला गेले. आता तिथे स्लॅबचं घर, भात प्लॅस्टिकच्या पिंपांत. कणगी मागच्या पडवीत, तिच्यात लग्नातल्या खुर्च्यांची थप्पी. मी खुर्च्या काढल्या, स्टूल लावलं, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी कंबरेपर्यंत आत जाऊन बुचासारखी अडकले. काकी शेजारी मोड आलेले वाल सोलत बसली होती. तिनं मान वर केली.

“भात ठेवायचा हाय का तुला ठेवायची हाय?”

मी तिला सारं सांगितलं. एकदाच ‘मग?’ म्हण, म्हटलं. मला कणगीत सोडलंस त्या शेवटच्या वर्षी म्हणालीस तसं. त्या दुपारी माझी गोष्ट अर्ध्यात आटली होती. मी गप्प झाले. दोर ओढला गेला नाही. नुसत्या हाका आल्या – बोल गं, बोलत ऱ्हा – आणि नंतर अगदी कामट्यांना ओठ लावल्यासारखं, कानाशी, ‘मग?’ त्या दचक्यानं मी जी सुटले, ती हातावरचं शेण वाळून तडकेपर्यंत थांबले नाही. तीच माझी पहिली छापून आलेली कथा.

काकीच्या बोटांतला वाल तसाच राहिला.

“त्या दिशी गाय अडली व्हती,” ती म्हणाली. “तुला आत सोडली नि वासराचा पाय दिसला म्हनून मी धावले. सांज होईस्तवर गोठ्यातच व्हते. तुज्या आईला सांगितलं नाय कदी. पोर आत टाकून गेले, कोनत्या तोंडानं सांगू?”

गोठा तेव्हा ओढ्यापलीकडे होता. तिथून हाक येत नाही. मी दोन्ही बाजूंनी ओरडून पाहिलेलं आहे.

संपादकांकडे कथा चौथ्या दिवशी पोहोचली. ती मी दिवाणखान्यात लिहिली, साऱ्या खिडक्या उघड्या टाकून, पाठ भिंतीला लावून. कपाटाला कुलूप आहे, आणि किल्ली कुठे टाकली हे मी मुद्दाम विसरले आहे. वर्षानुवर्षं मी ज्या आवाजाची वाट पाहत बसत होते, तो आता न येवो, एवढंच मागणं आहे...

पण त्या दुपारी, कंबरेपर्यंत कणगीत अडकलेली, तोंडाला पुन्हा तीच नऊ वर्षांची कोरड पडलेली, मी काकीला विचारलं होतं, “मग बाहेर कोण होतं गं?”

काकीनं वालाचं साल काढून बाजूला ठेवलं.

“भाईर कोन नवतं. मी आले तवा तू आत कोनाला तरी गोष्ट सांगत व्हतीस. म्हनून तर तुला परत आत सोडली नाय.”