सुईचं टोपण

नेस्टा बेव्हनने एकोणिसाव्या वर्षी मोज्यांचा कारखाना सोडला आणि मिस्टर प्रॉबर्ट यांच्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली. प्रशिक्षण म्हणाल तर पहिल्या दिवशी ते म्हणाले, "मी मागीन ते द्यायचं, आणि पेशंटला चक्कर आली तर आधी त्याला धरायचं, मग मला सांगायचं." बास, एवढंच. बाकीचं तिने बघून बघून उचललं. दातात भरायचं पाऱ्याचं मिश्रण कापडात पिळणं, घाबरलेल्या खाणकामगाराच्या खांद्यावर हात ठेवणं, डॉक्टर भराभर सांगतील तसे दातांचे आकडे टिपून घेणं. अशी सदतीस वर्षं गेली. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. तिचं म्हणून जे काही होतं, ते त्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर होतं.

मग नियम आला की पदविका असेल तिनेच खुर्चीशेजारी बसायचं. नियम काही वाईट नव्हता. पण छप्पन्नाव्या वर्षी नेस्टाला शिकाऊ व्हावं लागलं, आणि तेही दवाखान्यात नव्याने लागलेल्या एकोणीस वर्षांच्या लोवरीबरोबर. संध्याकाळी दोघी नेस्टाच्या स्वयंपाकघरात पुस्तकं उघडून बसायच्या.

"आँटी, खालच्या जबड्यातल्या नसांची नावं सांगा बरं."

"नावं तू सांग बाई. कुठली नस कुठे ठणकते ते मी सांगते."

लेखी पेपर छान गेला. प्रात्यक्षिकाला कार्डिफ शहरात जायचं होतं. तिथे प्लॅस्टिकचं डोकं खुर्चीत टेकवलेलं, आणि डॉक्टरच्या भूमिकेत एक तरुण परीक्षक. त्याने हिरडीत इंजेक्शन दिल्यासारखं केलं, सुई बाहेर काढली. नेस्टाचा हात आपोआप पुढे गेला. तिने सिरिंज त्याच्या हातातून घेतली आणि बोटांनी सुईवर टोपण चढवलं.

तिथेच चूक झाली. ज्याने सुई वापरली त्यानेच ती बंद करायची, मदतनीसाने हात लावायचा नाही. टोचली तर कुणाचं रक्त कुणाला लागेल याचा नेम नाही. हा नियम तिने स्वतः लोवरीकडून घोकून घेतला होता.

"का घेतलीत?" परीक्षकाने हळूच विचारलं.

"सवय," ती म्हणाली. त्यापुढचं तिला बोलता येण्यासारखं नव्हतं. मिस्टर प्रॉबर्ट यांची बोटं पेशंटच्या गालावर टेकलेली असली की हात स्थिर असे. सुई बाहेर आली, हात अधांतरी झाला, की थरथरायचा. सहा वर्षांपूर्वी तिने ते पहिल्यांदा पाहिलं आणि काही न बोलता सिरिंज काढून घेतली. तेही काही बोलले नाहीत. तिला वाटलं, त्यांना कळलंय, फक्त लाज वाटते. मग तिने ती गोष्ट पोटातच ठेवली.

ती नापास झाली. शिकाऊपणाची मुदतही तिथेच संपली. लोवरी पास झाली आणि स्टुलावर बसली. नेस्टाला बाहेर टेबलाशी पेशंटच्या वेळा लिहायला बसवलं.

मिस्टर प्रॉबर्ट चिडले होते. "अगं, पहिल्या पानावरचा नियम! सदतीस वर्षं माझ्याकडे काय माशा मारत होतीस?"

"चुकलंच माझं," ती म्हणाली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघताना तिच्या लक्षात आलं की यांना काहीच ठाऊक नाही. ती सिरिंज काढून घ्यायची, त्याला ते आजवर तिची तत्परता समजत होते. नापास झाल्यावर रडली नव्हती ती बाई, त्या दिवशी घरी जाऊन रडली.

तिसऱ्या आठवड्यात लोवरी धावत बाहेर आली. मागून मिस्टर प्रॉबर्ट, हातमोजा काढलेला, बोटातून रक्त.

"आँटी, सुईला मी हात लावला नाही हो. नियमाप्रमाणेच."

"बरोबर केलंस पोरी. जा, आत पेशंटजवळ थांब."

नेस्टाने त्यांचं बोट नळाखाली धरलं. "दाबू नका. वाहू द्या." मग तिने हात सोडला. पाण्याखाली तो हात थरथरत राहिला आणि ते त्याच्याकडे बघत राहिले.

"कधीपासून?"

"सहा वर्षं."

"म्हणून तू घ्यायचीस?"

तिने मान डोलावली.

"आणि परीक्षेत?"

"समोर सुई आली. हात कुणाचा ते बघितलंच नाही मी."

"मला सांगायचंस ना, नेस्टा!"

"सांगितलं असतं तर तुम्ही घरी बसला असता," ती म्हणाली, "आणि मीही. खोटं कशाला बोलू? मला ते नको होतं. पण आज त्या पोरीला टोचली असती तर?"

त्यांनी नळ बंद केला. टॉवेलात हात गुंडाळला. मग म्हणाले, "मी आता सुई धरणार नाही. उद्याच्या लोकांना फोन कर. सगळ्यांना."

तिने वही उघडली. पहिलं नाव म्हाताऱ्या मिसेस हॉपकिन यांचं होतं.

"नेस्टा बोलतेय, दवाखान्यातून. उद्या येऊ नका हं."

"बरं बाई. मग कधी येऊ?"

नेस्टाने वहीची पानं उलटली, पुन्हा उलटली. फोन तसाच कानाशी धरून, बाकावर बसलेल्या माणसांसमोर, ती हमसून हमसून रडू लागली.