काळ्या पडद्याची पूजा
खंडेनवमीला संगणकावर झेंडू वाहिला, की त्या वासाबरोबर जळगावच्या तेलगिरणीतली थंडगार मशीनची खोली आठवते. नव्वदीतली गोष्ट; तिथले संगणक मी सांभाळायचो. दसरा करून मी रावेरहून परतलो, युनिक्स प्रणालीच्या मशीनवर नाव आणि पासवर्ड टाकला; पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा नाव विचारू लागला. पासवर्ड चुकलाय असंही म्हणेना. बाकी सगळ्यांना आत घेत होता, मलाच दारातून परत पाठवत होता. माझा संशय थेट धुळ्याहून बदलून आलेल्या सहकाऱ्यावर गेला. माणूस फारच गोड बोलायचा. कोपऱ्यातल्या, नुसती अक्षरं दाखवणाऱ्या जुन्या टर्मिनलवरून मी आत शिरलो, तर चित्रांचा पडदा उघडायला लागणारी माझी एक फाइल रूटच्या, म्हणजे सर्वाधिकाऱ्याच्या नावावर गेलेली! मला तिच्यात लिहिता येईना, म्हणून मशीन मला हाकलत होतं. फाइल बदलल्याची वेळ नवमीच्या सकाळची. मी त्याला गाठलं. "भाऊ, पडदा काया व्हता, तशी पूजा कशी करानी?" तो हसत म्हणाला. "तुम्ही तुमच्या खात्यात रूट उघडाच ठेवून गेला होतात. तिथूनच पडदा चालू केला, कुंकू लावलं, बस." पडदा रूटनं चालू केला, म्हणून फाइल त्याच्या नावावर गेली होती; ती मी परत माझ्या नावावर केली. पण सगळ्या कुलपांची किल्ली हाती लागल्यावर कुणी नुसतं कुंकू लावून थांबतं? आता घरच्या संगणकाच्या पूजेला बायको ताट घेऊन येते. पडदा मात्र मीच चालू करतो, आणि ताट परत जाईपर्यंत खुर्ची सोडत नाही.