स्वयंपाकघरातलं जुन्नर

आंबेगाव तालुक्यात आगगाडी आणणारा पहिला माणूस कोण, असं उद्या कुणी परीक्षेत विचारलं तर उत्तर एकच आहे: आमचे साडू. रेल्वेचं सर्वेक्षण आमच्या लहानपणापासून चालू आहे. दर निवडणुकीला गाडी येते आणि निकाल लागला की आल्या वाटेनं परत जाते. साडूंनी मात्र कुणाला निवेदन दिलं नाही की रस्त्यावर बसले नाहीत. नव्वद-एक्क्याण्णव सालच्या सुमारास त्यांनी अवसरी बुद्रुकच्या आपल्या तीन खोल्यांच्या स्लॅबच्या घरात, पुढच्या खोलीत, गाडी सुरू करून टाकली आणि पुढची पंधरा-वीस वर्षं, वीज असेल तेव्हा, ती वेळेवर चालवली. नात्यानं ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. साडूविषयी कुठलाही पुरुष मनापासून चांगलं बोलत नाही, त्यामुळे मी पुढे जे कौतुक करणार आहे ते वाचकांनी दुपटीनं खरं धरावं.

ते मंचरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. सगळा गाव त्यांना कंपाउंडर म्हणूनच ओळखे. डॉक्टरांच्या मुलाला कुणा नातेवाइकानं परदेशातून विजेवर चालणारी खेळण्यातली गाडी आणली होती. मुलगा मोठा झाला, गाडी माळ्यावर गेली आणि एका दिवाळीत डॉक्टरांनी ती साडूंच्या मुलीसाठी, मंगलसाठी, देऊन टाकली. मंगल तेव्हा सात वर्षांची होती. तिच्या वाट्याला ती गाडी जेमतेम एक दुपार आली. संध्याकाळी साडू घरी आले, पालथे पडून त्यांनी डबा डोळ्यांजवळ धरला आणि निकाल दिला, "ह्यो डबा आपला न्हाई. खिडक्यांना गज कुठंयत?" झालं! त्या रात्रीपासून परदेशी गाडीचं देशीकरण सुरू झालं. इंजिनाचं धुराडं करवतीनं उडवलं आणि दूधपावडरीच्या डब्याचा पत्रा वाकवून त्यावर डिझेल इंजिनाचं नाकाड बसवलं. डब्यांच्या बाजू औषधांच्या खोक्यांचा पुठ्ठा थरावर थर चिकटवून नव्यानं केल्या, त्यांना दाराखिडक्यांना देतात तो रेड ऑक्साइड फासला. जळक्या मोटारीतली तांब्याची तार सोडवून तिचे गज केले. एका खिडकीला चार गज, एका डब्याला वीस खिडक्या. आत लाकडी बाकं, बाकांवर पंखे, आणि गाडी थांबवायची साखळीसुद्धा. एकदा छत बसवलं की यातलं काहीएक दिसत नसे. मी म्हणालो, "अहो, ही साखळी बघणार कोण?" ते माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत म्हणाले, "आत बसलेला बघंल की."

दवाखान्यात टाकून द्यायचं असं त्यांच्या दृष्टीनं काही नव्हतंच. घसा बघायच्या लाकडी पट्ट्यांचे रुळांखालचे स्लीपर झाले. हाडं बसवायच्या प्लास्टरचे डोंगर झाले. इंजेक्शनच्या सुयांपासून डब्यांमधल्या हवेच्या नळ्या झाल्या. टाकून दिलेले जुने एक्स-रे ते ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून घासत आणि मग त्या स्वच्छ फिल्मच्या काचा कापत. घासण्यात कधी कसूर राही, आणि मग पहिल्या वर्गाच्या खिडकीत कुणाचं तरी हाड अंधुक दिसे. गावातले एक आजोबा पडून त्यांचा खुबा मोडला होता. आपला फोटो गाडीत लागल्याची बातमी त्यांना कळली. काठी टेकत आले आणि दारातूनच विचारते झाले, "कंपाउंडर, माझा खुबा कंच्या डब्यात हाय?" साडूंनी त्यांना खुर्ची दिली, गाडी हळूहळू पुढे घेतली आणि तो डबा बरोबर त्यांच्यासमोर आणून उभा केला. आजोबा कृतार्थ होऊन गेले. डब्यातली माणसं मेणाची होती. एका वैशाखात खोली इतकी तापली की दुसऱ्या वर्गाचे सगळे उतारू एकमेकांच्या खांद्यावर कलंडले. मी हळहळलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लांबचा प्रवास हाय, झोपल्यात." पुढे भारनियमन आलं, गाडी भर माळरानात जागच्या जागी थांबू लागली. साडू मांडी घालून तासन्‌तास शांत बसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "सिग्नल न्हाई मिळाला."

मापाच्या बाबतीत तर त्यांनी सख्ख्या बापाचंही ऐकलं नसतं. सुट्टीच्या दिवशी ते एसटीनं जाऊन एखाद्या खऱ्या स्टेशनात पोचत आणि टेप काढून उभ्या गाडीची मापं घेत. एकदा पोलिसानं हटकलं. काय करताय, तर माप घेतोय. कशाला, तर घरी बांधायचीय. पोलिसानं त्यांना बाकावर बसवलं, चहा पाजला आणि घरचं कुणी सोबत आहे का, अशी मायेनं चौकशी केली.

त्यांचा मार्गही असाच मापात होता. जिल्ह्याचा नकाशा पुढे ठेवून आखलेला: खेड, मंचर, कळंब, नारायणगाव. खुद्द अवसरीला त्यांनी स्टेशन दिलं नव्हतं. गावात यावरून फार नाराजी झाली. गाडी आमच्या गावात आणि स्टेशन मंचरला, हा काय न्याय? चार वजनदार माणसं घरी येऊन गेली. साडूंनी त्यांना शांतपणे सांगितलं, "लाईन आपल्या गावावरनं जाऊच शकत न्हाई. तुमी मंचरला उतरा, तिथनं यष्टीनं या. मी बी तसाच येतो." खोटं स्टेशन लावायचं नाही, हा त्यांचा एकमेव धर्म. बाकी देवळात ते फक्त आक्काच्या धाकानं जात.

आक्का म्हणजे माझी मेव्हणी. तिनं या रेल्वेपुढे एकेक करून सगळं गमावलं होतं. आधी पुढची खोली गेली, मग माळा, मग कपाटाचे दोन खण. राहिलं होतं फक्त स्वयंपाकघर, आणि ते तिनं दहा-बारा वर्षं निकरानं राखलं. उंबऱ्याच्या आत एक स्क्रू जरी सापडला तरी ती तो चिमट्यात धरून बाहेर भिरकावी. आणि तिच्या जिवाला खरा घोर लागला तो मंगलच्या लग्नाचा. मंगल एकवीस वर्षांची झाली, शिकली, दिसायला चांगली, पण ठरलेली बोलणी मोडत. पहिल्या स्थळाला कुणीतरी सांगितलं, पोरीचा बाप दिवसभर खेळण्यांत असतो. दुसऱ्या स्थळाची माणसं घरी आली, तेव्हा साडू पोहे सोडून प्लास्टरनं माखलेल्या हातांनी त्यांना बोगद्याविषयी सांगू लागले. वेड अंगात असतं, ते पुढच्या पिढीत उतरतं, असं त्या मंडळींनी मध्यस्थाजवळ बोलून दाखवलं. हे साडूंच्या कानावर गेलं तेव्हा आठ दिवस गाडी निघाली नाही.

तिसरं स्थळ जुन्नरचं आलं. मुलगा माझ्यासारखाच मास्तर, घाटघरच्या शाळेवर, राहायला जुन्नरात, घर चांगलं. मंगलला तो मनापासून आवडला होता. हे तिनं फक्त तिच्या मावशीला, म्हणजे आमच्या मंडळींना सांगितलं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना माहीत झालं. आक्कानं या वेळी पुढच्या खोलीला कुलूप घातलं आणि दारापुढे बटाट्याच्या गोणी रचल्या. पाहुणे मागच्या दारानं स्वयंपाकघरात घेतले. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "ते आगीनगाडीचं काय म्हणत्यात, ते दावा की राव."

आक्कानं कमरेची किल्ली काढून दिली. मी गोणी बाजूला ओढल्या. म्हातारबुवा आत गेले, टोपी काढून गुडघ्यांवर बसले आणि खेडपासून प्रत्येक स्टेशनाला थांबत नारायणगावपर्यंत आले. डब्यांचे गज त्यांनी नखानं मोजून बघितले. आम्हाला वाटलं, जिंकलं! मग त्यांनी मान वर केली. "आन् जुन्नर?"

"जुन्नरला जात न्हाई," साडू म्हणाले. "नारायणगावला उतरायचं."

"पर हाय कुठं?"

साडूंनी पश्चिमेच्या भिंतीकडे बोट केलं. "त्या भितीपल्याड. मापानं बघाल तर चुलीच्या वर येतंय, फडताळात."

म्हातारबुवा उठले, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "आमच्या गावाला टेसन न्हाई, आन् पोरगी तेवढी आमी न्यायची व्हय!" हे थट्टेत होतं की मनातून होतं, ते कुणालाच कळलं नाही. जाताना ते "कळवतो" एवढंच बोलले. मुलीच्या घरात या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. पंधरा दिवस झाले, काही कळवणं आलं नाही. फोन वाजला की मंगल दाराआड येऊन उभी राही.

मीच साडूंना समजवायला गेलो. म्हटलं, नारायणगावच्या पुढे हातभर फळी टाका, पाटीवर जुन्नर लिहा, त्यांना फोन करू, मिटलं. ते म्हणाले, "साडूभाऊ, पोरीसाठी मी सगळं मोडून चुलीत घालंन. पर सोयरिकीत खोटं टेसन नगं. उद्या तिला तिथंच ऱ्हायचंय." एवढं बोलून हा माणूस, ज्याला मी कधी नजर चुकवताना पाहिलं नव्हतं, तोंड फिरवून इंजिन पुसू लागला. मला स्वतःची लाज वाटली.

आक्का दारात उभी राहून हे ऐकत होती. ती आत गेली आणि हातोडी-छिन्नी घेऊन आली. भिंतीपाशी उभी राहिली. "कुठनं जायाचं जुन्नरला?" ती म्हणाली. "खूण करा." साडूंचा विश्वास बसेना. त्यांनी खडूची खूण केली आणि पहिला घाव आक्कानं घातला. स्वतःच्या स्वयंपाकघराची भिंत बाईनं स्वतः फोडली. घरात धूळच धूळ झाली, आणि तिच्यात मायलेकी दोघी एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी साडूंनी, घरात फोन असताना, जुन्नरला पोस्टकार्ड टाकलं: "जुन्नर शाखेचे काम हाती घेतले आहे. कळावे." चौथ्या दिवशी उत्तर आलं: "पाहण्यास येतो." महिन्याभरानं म्हातारबुवा आले आणि थेट स्वयंपाकघरात पाटावर बसले. भिंतीच्या भोकातून शिट्टी वाजली, गाडी आत आली, फडताळातल्या चहाच्या डब्याला वळसा घालून प्लास्टरच्या शिवनेरीखाली थांबली. म्हातारबुवांनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं. "टायमात हाय का?" "टायमात हाय," साडू म्हणाले. "मग सुपारी फोडा," म्हातारबुवा म्हणाले. ते एवढे दिवस का थांबले होते, हे पुढे लग्नात त्यांनी मला सांगितलं. जो बाप पोरीसाठीसुद्धा खोटं बोलला नाही, त्याच्या घरची पोरगी आणायची हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं होतं. फक्त ते टेसन त्यांना मनापासून हवं होतं.

मंगल सासरी गेली. मग साडूंनी जुन्नरचं स्टेशन पुन्हा मोडून नव्यानं बांधायला घेतलं. बाकीच्या स्टेशनांची छपरं सरसकट नालीदार पुठ्ठ्याची आहेत. जुन्नरच्या छपराची कौलं एकेक कापून लावलेली आहेत. फलाटावर नळ आहे, सावलीला झाड आहे, झाडाला पार आहे. खरं जुन्नर तिथून एसटीनं दीड-दोन तासांवर. पण आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी मुक्काम करायचा नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा जुना रिवाज आहे, आणि आक्का तो डोळ्यांत तेल घालून पाळे. साडू दोनदा जाऊन आले. ओसरीवर बसले, लेकीला डोळे भरून पाहिलं आणि तहानलेले चारच्या एसटीनं परत आले.

त्या पावसाळ्याअखेर मी संध्याकाळचा सहज अवसरीला गेलो. साडू स्वयंपाकघरात बसले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना तिथे बसलेलं पाहिलं नव्हतं. आक्का भाकरी थापत होती. गाडी भिंतीतून आली आणि जुन्नरला थांबली. आम्ही चहा प्यालो तरी ती निघेना.

"आता परत सोडा की," मी म्हणालो. "मंचरची माणसं खोळंबली असतील."

"न्हाई," ते म्हणाले. "ही मुक्कामी गाडी. सकाळच्याला निघती."

आक्कानं मागे न बघता मसाल्याचा डबा उचलून बाजूला ठेवला, गाडीला जागा झाली. मग साडूंनी मला विचारलं, "तुमाला चालतं का वो तिथं ऱ्हायला? तुमी मावशीचं मालक, तुमाला कसली आडकाठी. एक रात ऱ्हावा. जेवती का नीट, हासती का, घरात तिला काय म्हणून हाक मारत्यात, तेवढं बघून या."

दुसऱ्या दिवशी शाळेत रजेचा अर्ज टाकून मी जुन्नरच्या गाडीत बसलो.