हिवरखेडच्या फोनवर आलेलं दुसरं वजन

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. सतरा वर्षं नर्सिंग केलंय. बॉडी न्यायला नातेवाईक येईपर्यंत दहा पावलांवर बसून पोळी-भाजी खाल्ली आहे. मैत्रिणी मला ‘दगड’ म्हणायच्या. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण मनात ठेवणं आता होत नाही.

अमरावतीच्या एका हॉस्पिटलात माझं काम फोनवरचं. बायपास होऊन घरी गेलेल्या पेशंटला रोज सकाळी फोन करायचा — वजन, बीपी, पायावर सूज, रात्री आडवं झोपता येतं का. यात वजन सगळ्यांत महत्त्वाचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं की समजायचं, अंगात पाणी साठतंय, हृदयाला झेपत नाहीये.

हिवरखेडचे वासुदेवराव माझ्या यादीत होते. घरी ते आणि सुमनकाकू, दोघंच. मुलगा मंगेश अकोल्यात नोकरीला. तिकडे व्हिडिओ कॉल टिकायचा नाही, म्हणून साधा फोन. काकूंचं उत्तर ठरलेलं. “बरं हाये बाई. वजन बासष्ट. पाय चांगले हायेत.” आठ दिवस बासष्ट! असा पेशंट मिळायला नशीब लागतं, असं मी सगळ्यांना सांगत होते. मूर्खच मी.

नवव्या दिवशी सकाळी दहाला फोन लावला. काकू म्हणाल्या, “बासष्ट.” आणि त्यांच्या मागून एका बाईचा आवाज आला, अगदी सावकाश —

“सहासष्ट. बोट दाबलं तं पायात खड्डा पडते. दोन राती बसून काढल्या त्यानं.”

मी लिहूनही घेतलं. हात सवयीने चालतो. मग विचारलं, “काकू, मागे कोण आहे?”

“कोनी नाई. मी अन् हे.”

“मग आत्ता बोललं कोण?”

“कोनीच नाई वो बाई. बरं हाये.” फोन बंद. पुन्हा लावला तर उचलेनात.

मंगेशला लावला. तो भडकला. “आताच बोललो मी आईशी. बरं हाये म्हणते. तुमी काहून घाबरवून राहिल्या मले?”

डॉक्टर ऑपरेशनमध्ये. आमचे सगळे कॉल रेकॉर्ड होतात; इन्चार्ज म्हणाली, रेकॉर्डिंग लाव. लावलं. काकूंचं “बासष्ट” आहे. त्यानंतर काहीच नाही... पंख्याची घरघर, आणि मग एकदम माझाच आवाज, “काकू, मागे कोण आहे?” तीनदा ऐकलं. “घरी जा, आराम कर,” इन्चार्ज म्हणाली. तिची ती नजर मी विसरणार नाही.

पण वहीत माझ्याच अक्षरात सहासष्ट होतं. तिकडे एक माणूस स्वतःच्याच अंगातल्या पाण्यात बुडत होता आणि मी इकडे कानाला हेडफोन लावून बसलेली. काय करणार होते मी? वॉशरूममध्ये गेले, स्वतःच्या मोबाइलवरून मंगेशला पुन्हा फोन लावला आणि सरळ रडले. “भाऊ, पाया पडते तुमच्या. आत्ताच्या आत्ता निघा. काही नसलं तर माझी तक्रार करा, नोकरी घालवा माझी. पण जा.”

त्याने फोन कापला. पुढचे दोन तास मी दुसऱ्या पेशंटांचे आकडे लिहीत होते आणि एकही आकडा डोक्यात शिरत नव्हता.

मग त्याचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. “सिस्टर, काटा सहासष्ट दाखवून राहिला. पायात बोट रुतते. बाबाले बोलताच येत नाई.”

“आडवं करू नका, बसवूनच ठेवा,” मी ओरडले. ॲम्ब्युलन्सने अकोल्याला नेलं. वाचले.

बासष्टचं कोडं नंतर सुटलं. ते डिस्चार्जच्या दिवशीचं वजन होतं. काकू रोज तेच सांगायच्या. “वाईट बोललं का वाईटच होते बाई. वास्तू तथास्तू म्हणते. म्हून मी चांगलंच सांगत होती.” काट्यावरचं सहासष्ट त्यांनी पाहिलं होतं, पण कुणाजवळ बोलल्या नव्हत्या. शेजाऱ्यांनी धाप बघू नये म्हणून दाराला आतून कडी. घरात दुसरं कोणीही नव्हतं, हे त्यांनी मंगेशची शपथ घेऊन सांगितलं.

इथेच थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती.

मागच्या महिन्यात अकोल्याच्या जठारपेठेतले एक निवृत्त मास्तर माझ्या यादीत आले. फोनवर सून. “सगळं नॉर्मल आहे, सिस्टर.” मी फोन धरून गप्प बसले. कान देऊन, जीव मुठीत धरून. “मागे कोणी आहे का?” विचारलं. ती हसली. “नाही. का हो?” व्हिडिओ कॉलवर पाय दाखवा म्हटलं, तर म्हणाली, “आत्ताच डोळा लागलाय त्यांचा, उद्या दाखवते.” मी वहीत ‘नॉर्मल’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा घरात रडारड चालली होती. पाय चार दिवसांपासून सुजलेले होते म्हणे.

तो आवाज कोणाचा होता, मला आजही माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, तुझ्या अनुभवानेच धोका ओळखला आणि कानाने बाकीचं रचलं. असेल. पण सहासष्ट? आणि अनुभवच असेल, तर तो मास्तरांच्या वेळी कुठे मेला होता?

रोज सकाळी दहाला हेडफोन लावते. समोरून कोणी “बरं आहे” म्हणालं की मी फोन न ठेवता मागचं ऐकत राहते. त्या आवाजाची भीती वाटत नाही मला. फक्त एकदा विचारायचंय — हिवरखेडला बोललीस, मग जठारपेठेत का गप्प बसलीस गं बाई?